मेंदूला न विचारता पडणारा ठोका

पुण्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते. पोलिसांनी चौकाचौकांतली वाहतूक थोपवून 'ग्रीन कॉरिडॉर' केला, रुग्णवाहिका लोहगावच्या विमानतळावर पोचली आणि 'धडधडतं हृदय' दुसऱ्या शहरातल्या रुग्णापर्यंत वेळेत गेलं. वाचताना आपल्या डोळ्यांपुढे पेटीत उडणारं हृदय येतं. प्रत्यक्षात त्या पेटीतलं हृदय अगदी निश्चल असतं. डॉक्टरांनीच ते औषध देऊन थांबवलेलं असतं आणि बर्फाच्या गारव्यात ठेवलेलं असतं. काही तासांनी ते दुसऱ्या माणसाच्या छातीत शिवतात, त्यातून कोमट रक्त वाहू लागतं आणि ते पुन्हा धडधडायला लागतं. रक्तवाहिन्या शिवलेल्या असतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारे मज्जातंतू मात्र कापलेलेच राहतात, कारण ते जोडण्याचं तंत्र अजून कुणापाशी नाही. मग या हृदयाला 'चल' असं सांगतं कोण?

दुसरं कोडं याहून अवघड आहे आणि ते कुणाच्याही घरावर येऊ शकतं. अपघातात डोक्याला मार लागलेला आपला माणूस आयसीयूत आहे. मॉनिटरवर ठोके दिसताहेत, हाताला ऊब आहे, छाती वरखाली होतेय. आणि डॉक्टर सांगतात, ते गेले. विश्वास कसा ठेवायचा?

या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. तरुण वयात हृदय निकामी झालेला माणूस दुसऱ्याच्या हृदयावर कसा जगतो आणि त्याला रोज काय जपावं लागतं, तेही याच उत्तरातून कळतं.

ठोका येतो कुठून

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, शरीराच्या वरच्या भागातलं रक्त आणणारी मोठी शीर जिथे उघडते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डॉक्टर त्याला सायनस नोड म्हणतात. या पेशींना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. त्यांच्या आवरणातून सोडियमचे विद्युतभारित कण थोडे थोडे आत झिरपत राहतात, विजेचा दाब चढत जातो आणि एका पातळीला पोचला की पेशी आपोआप झटका सोडते. दाब उतरतो, झिरपणं पुन्हा सुरू होतं. प्रत्येक झटका हृदयभर पसरतो, स्नायू आकसतो आणि ठोका पडतो.

कुणी ढवळाढवळ केली नाही तर तरुण माणसात हा पुंजका मिनिटाला साधारण १०० झटके देतो. तरीही बसल्या जागी आपली नाडी ७०-७२ लागते, ती मेंदूमुळे. मेंदूच्या देठातून निघालेला व्हेगस नावाचा मज्जातंतू त्या पुंजक्याला सतत 'हळू, हळू' असं बजावत असतो. पळायची वेळ आली की व्हेगस सैल पडतो आणि दुसऱ्या प्रकारचे मज्जातंतू 'जोरात' असा निरोप पोचवतात.

एसटीतली घंटीची दोरी आठवा. कंडक्टरने एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. पण गाडी चालवतो ड्रायव्हर. दोरी तुटली म्हणून गाडी बंद पडत नाही. ड्रायव्हर आपल्या अंदाजाने चालवत राहतो, मागून आलेला निरोप तेवढा त्याला कळत नाही. सायनस नोड हा ड्रायव्हर आणि मेंदू हा कंडक्टर. हृदय काढून दुसऱ्या छातीत बसवलं की दोरी तुटते, पण ड्रायव्हर हृदयासोबतच जातो. मेंदू मरण पावला तरी हेच होतं. रक्तातून प्राणवायू मिळतो आहे तोवर हृदय आपलं काम चालू ठेवतं.

श्वासाचं तसं नाही. फुफ्फुसांत अशी आपोआप चालणारी पेशी नसते. प्रत्येक श्वासाची आज्ञा मेंदूच्या देठातूनच यावी लागते.

तिशीच्या आत हृदय थकतं तेव्हा

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात संध्याकाळी सुटणारी गर्दी पाहिली तर बहुतेक चेहरे विशी-तिशीतले दिसतात. या वयात धाप लागली तर हृदयाचा संशय कुणालाच येत नाही. लोहगड चढताना मित्र मागे पडला तर 'बसून बसून स्टॅमिना गेला' असं आपण म्हणतो. रात्री आडवं पडल्यावर खोकला येतो, त्याचं खापर बांधकामांच्या धुळीवर फोडतो. जेवण जात नाही, पोट गच्च वाटतं, मळमळतं, म्हणजे ॲसिडिटी. यातलं बरंचसं खरंही असतं. पण हे सगळं एकाच वेळी एकाच माणसाला होत असेल आणि महिन्यागणिक वाढत असेल, तर ते थकलेल्या हृदयाचं नेमकं चित्र असू शकतं.

हा आजार 'ब्लॉकेज'चा नव्हे. पन्नाशीनंतर रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका वेगळा. तरुणांना प्रत्यारोपणापर्यंत नेणारा सर्वांत नेहमीचा विकार म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी. यात हृदयाचा स्नायूच कमजोर होतो आणि डावा कप्पा फुगत, पातळ होत जातो. कारणं अनेक आहेत: स्नायूतली प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांतला दोष, साध्या विषाणूजन्य तापानंतर हृदयाला आलेली सूज, बाळंतपणाच्या आगेमागे उद्भवणारा एक प्रकार, दारू, कर्करोगावरची काही औषधं. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. घरात कुणी तरुणपणी 'अचानक गेलं' असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी, कारण जनुकीय प्रकारात भावंडांचीही तपासणी करावी लागते.

इको तपासणीच्या कागदावर 'ईएफ' असं लिहून पुढे टक्केवारी असते. भरलेल्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही, शंभर कुणाचाच नसतो. प्रत्यारोपणाच्या यादीत जाणाऱ्या अनेकांचा हा आकडा २० च्या आसपास किंवा त्याखाली गेलेला असतो.

हृदय कमजोर झाल्यावर शरीर जे करतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मूत्रपिंडांकडे रक्त कमी येऊ लागलं की त्यांना हृदय बिघडल्याचं कळत नाही. जखम झाली असावी, रक्त वाहून गेलं असावं, असा त्यांचा समज होतो. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ॲड्रिनलिन वाढतं. जखमी माणसाला हे सगळं वाचवतं. थकलेल्या हृदयावर मात्र याने ओझं चढतं. जास्तीचं पाणी फुफ्फुसांत साठतं, म्हणून आडवं पडलं की श्वास कोंडतो आणि उशा वाढत जातात. यकृत आणि आतडी सुजतात, म्हणून भूक मरते. पावलांवर सूज येते. आधीच फुगलेला कप्पा आणखी ताणला जातो, आणखी कमजोर होतो, आणि चक्र पुढे फिरतं.

या आजारावरची आजची उत्तम औषधं शरीराच्या याच गैरसमजाला आवर घालतात. ॲड्रिनलिनचा मारा थोपवणारे बीटा ब्लॉकर, मूत्रपिंडांकडून निघालेल्या चुकीच्या आज्ञा अडवणाऱ्या गोळ्या, जास्तीचं पाणी काढणारं औषध. ती नेमाने घेतल्यावर कित्येक हृदयं सावरतात. विषाणूने किंवा बाळंतपणाने आलेली कमजोरी काही जणांत पूर्ण भरून निघते. म्हणून कार्डिओमायोपथी हा शब्द कानावर पडला की लगेच प्रत्यारोपणाची भीती घालणं मला बरोबर वाटत नाही. ते शेवटचं दार आहे, पहिलं नव्हे.

चौकट: इको कधी करून घ्यावा
आधी सहज चढायचे ते जिने आता थांबून चढावे लागतात. रात्री धाप लागून जाग येते आणि उठून बसल्यावर बरं वाटतं. पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. चार-पाच दिवसांत दोन किलो वजन वाढतं. कारण नसताना छातीत फडफडतं किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपते. यातलं काहीही असेल तर वय न पाहता डॉक्टरांना गाठा आणि ईसीजीबरोबर इकोबद्दल विचारा. इकोला सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नसतो, आणि तो साधारण अर्ध्या तासात होतो. एकट्या ईसीजीवर निर्धास्त राहू नका.

यादीत नाव लागण्याआधी

औषधं पुरी पडेनाशी झाली, दर काही आठवड्यांनी दाखल व्हावं लागलं, हृदयाला जोर देणाऱ्या औषधाची ड्रिप काढली की रक्तदाब कोसळू लागला, की प्रत्यारोपणाची चर्चा सुरू होते. नाव लावण्याआधी बऱ्याच तपासण्या होतात. त्यातली एक फार निर्णायक असते: फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब.

डाव्या बाजूचं हृदय वर्षानुवर्षं तुंबलेलं असलं की मागचा दाब फुफ्फुसांत साचतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात. जुन्या हृदयाची उजवी बाजू त्या दाबाशी झगडत सवयीने तगडी झालेली असते. दात्याचं हृदय मात्र साध्या, सैल फुफ्फुसांच्या सवयीचं असतं. ते अचानक या कडक वाहिन्यांसमोर आलं तर काही तासांत त्याची उजवी बाजू हात टेकू शकते. म्हणून फार उशीर झालेल्या रुग्णाला कधी कधी 'आता एकट्या हृदयाचं प्रत्यारोपण जमणार नाही' असं ऐकावं लागतं. ही वेळ येऊ नये म्हणून खालावत चाललेल्या तरुण रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे लवकर पाठवणं ही त्याच्या डॉक्टरांची जबाबदारी आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. केंद्रात जाऊन येणं म्हणजे हार मानणं नव्हे. तिथे जाऊन 'अजून गरज नाही' असं ऐकून परतणारेही असतात.

मग जुळवाजुळव. रक्तगट जुळायला हवा. शरीराची ठेवण जवळपास हवी, कारण लहानखुऱ्या दात्याचं हृदय धिप्पाड माणसाला पुरत नाही. पूर्वी रक्त चढवल्यामुळे किंवा गरोदरपणामुळे परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतील, तर अनेक दाते आपोआप बाद होतात. थांबण्याच्या या काळात काहींना डाव्या कप्प्याचं काम करणारा बॅटरीवरचा पंप बसवतात. तो महाग आहे, पण वाट पाहताना जीव टिकवतो.

महाराष्ट्रात ही यादी कुठलंही एक रुग्णालय चालवत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. 'झेडटीसीसी' हे त्यांचं तोंडी झालेलं नाव. आधी आपल्या विभागातला रुग्ण पाहतात. तिथे जुळणारा नसेल तर अवयव दुसऱ्या विभागाला, मग पुढे राज्याबाहेरही देऊ केला जातो.

ठोका सुरू आहे, तरी मृत्यू झाला आहे

डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, बंद. सूज बाहेर पसरू शकत नाही, आतला दाब वाढतो, आणि एका क्षणी तो रक्तदाबाहून जास्त होतो. त्यानंतर मेंदूत रक्त शिरतच नाही. मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. देठही मरतो, म्हणून श्वास कायमचा थांबतो. पण व्हेंटिलेटर छातीत हवा भरत असतो, रक्ताला प्राणवायू मिळत असतो, आणि हृदयाचा ड्रायव्हर कंडक्टर नसतानाही गाडी हाकत असतो. आयसीयूतल्या मॉनिटरवर दिसणारे ठोके ते हेच. मेंदूशिवाय शरीराचा तोल फार काळ राहत नाही. उपचार चालू ठेवले तरी बहुधा काही दिवसांत हृदयही थांबतं.

कोमा वेगळा. कोमातल्या माणसाच्या मेंदूचा देठ जिवंत असतो, तो बऱ्याचदा स्वतः श्वास घेतो, त्यातून परतूही शकतो. मेंदूमृत्यूतून कुणी परतत नाही. म्हणूनच तपासणी कडक असते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देतात का, घशाला स्पर्श केल्यावर उबळ येते का, हे पाहतात. शेवटी प्राणवायू देत देत व्हेंटिलेटर काही मिनिटं थांबवतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की जिवंत देठ श्वास घेतल्याशिवाय राहूच शकत नाही. इतका साठूनही छाती हलली नाही, तर देठ मेला आहे. चार डॉक्टरांचं मंडळ ही तपासणी करतं आणि किमान सहा तासांच्या अंतराने ती पुन्हा करतं. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर या मंडळात नसतात.

अशा मृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या पहिल्या प्रयत्नांनंतर बऱ्याच उशिरा आला. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमधला दुसरा प्रयत्नही टिकला नाही. पण त्या वेळी जगातल्या मोजक्याच शल्यविशारदांनी हे धाडस केलं होतं, आणि त्यांत परळचं एक महापालिकेचं रुग्णालय होतं, याचं मोल मराठी वाचकाने विसरू नये. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं.

पुण्याचं हृदय, मुलुंडची छाती

मुंबईला मात्र १९६८ नंतर ४७ वर्षं थांबावं लागलं. २०१५ साली, तारीख पुन्हा ३ ऑगस्ट, पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयात मेंदूमृत झालेल्या एका महिलेच्या कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात विशीतला एक तरुण हृदयाची वाट पाहत होता. त्याचा आजार डायलेटेड कार्डिओमायोपथीच होता. हृदय पुण्याहून विमानाने मुंबईत आलं, तिथून पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडला. सारा प्रवास सुमारे दीड तासाचा. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते त्या तरुणाच्या छातीत बसवलं.

एवढी घाई का, तर हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच चांगलं राहतं. मूत्रपिंड दिवसभर थांबू शकतं, यकृत आठ-दहा तास. हृदयाचा स्नायू जन्मापासून एकदाही विसावलेला नसतो, त्यामुळे ऊर्जेचा साठा बाळगण्याची त्याला सवयच नाही. रक्त बंद झालं की शिल्लक भराभर संपते. म्हणून दात्याच्या छातीतच हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियम असलेलं थंडगार द्रावण सोडतात. पेशीच्या आत-बाहेर पोटॅशियमचा जो फरक असतो त्यावर झटका अवलंबून असतो. तो फरक पुसला गेला की हृदय सैल होऊन थांबतं आणि ऊर्जा खर्च करणं बंद करतं. मग चार अंशांच्या आसपासच्या गारव्यात ते पेटीत जातं. गारव्याने पेशींचा खर्च आणखी उतरतो. आता यंत्राच्या साहाय्याने हृदयात रक्त खेळतं ठेवून नेण्याचीही सोय निघाली आहे, पण आपल्याकडे बहुतेक प्रवास अजून बर्फातूनच होतो.

इकडे रुग्णाची छाती उघडून त्याला हार्ट-लंग मशीनवर घेतलेलं असतं. जुनं हृदय काढताना डाव्या वरच्या कप्प्याची मागची भिंत तेवढी ठेवतात, कारण फुफ्फुसांकडून येणाऱ्या चारही शिरा तिला जोडलेल्या असतात. त्या भिंतीवर नवं हृदय शिवतात. नंतर दोन महाशिरा, फुफ्फुसांकडे जाणारी धमनी आणि महाधमनी. महाधमनीवरचा चिमटा काढला की रुग्णाचं कोमट रक्त नव्या हृदयात शिरतं, पोटॅशियम धुऊन निघतं, पेशींतला फरक पुन्हा उभा राहतो. स्नायू आधी थरथरतो. मग सायनस नोड झटके देऊ लागतो. कधी बाहेरून विजेचा एक हलका धक्का द्यावा लागतो, कधी तोही नाही.

पूर्वीच्या पद्धतीत रुग्णाच्या जुन्या हृदयाचा उजवा वरचा तुकडाही मागे राहत असे, त्याच्या जुन्या सायनस नोडसकट. त्या रुग्णांच्या ईसीजीवर दोन वेगळ्या लहरी दिसत. एक नव्या हृदयाची. दुसरी जुन्या पुंजक्याची, जो अजूनही इमानाने मेंदूचं ऐकत होता, पण ज्याचा झटका शिवणीपलीकडे जाऊ शकत नव्हता.

आता पुण्याला हृदय बाहेरच पाठवावं लागतं असं नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरहून हवाई दलाच्या विमानाने आलेलं हृदय पुण्यातल्या लष्कराच्या हृदय आणि छाती शस्त्रक्रिया संस्थेत एका जवानाला बसवलं गेलं. शहरात रुबी हॉलमध्ये आणि हिंजवडीपासून जवळच, पिंपरीतल्या डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते.

दोरीशिवाय जगताना

तीन ते सहा महिन्यांत अनेक तरुण रुग्ण कामावर परततात. त्यांच्या मनगटावरचं स्मार्टवॉच मात्र गोंधळतं. खुर्चीत बसल्या बसल्या नाडी ९५, १००, १०५. व्हेगसचा 'हळू' हा निरोप पोचत नाही, म्हणून हृदय आपल्या मूळ गतीने चालतं. हा आजार नाही.

ऑफिसचा जिना चढायला लागल्यावर खरी गंमत कळते. तुमची-माझी नाडी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच वाढते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची दोन मजले चढेपर्यंत फारशी हलत नाही. पायांच्या स्नायूंनी जास्त रक्त परत पाठवलं की हृदय जास्त ताणलं जातं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, तेवढ्यावर सुरुवातीची वेळ निभावते. नंतर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी सोडलेलं ॲड्रिनलिन रक्तातून येऊन पोचतं आणि नाडी चढते. व्यायाम संपला तरी ती बराच वेळ चढलेलीच राहते, कारण रक्तातलं ॲड्रिनलिन ओसरायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटं सावकाश चालायचं आणि शेवटीही एकदम थांबायचं नाही. किती व्यायाम करायचा, ते नाडीच्या आकड्यावर न ठरवता, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का यावर ठरवतात. भीतीचंही तसंच: समोर अचानक गाडी आली तर दचकतो मेंदू, आणि धडधड जाणवते थोड्या वेळाने.

काही वर्षांत काही तंतू पुन्हा वाढतात, पण पूर्वीसारखे सगळे नाही. आणि तुटलेल्या तंतूंत हृदयाकडून मेंदूकडे तक्रार नेणारेही असतात, हा यातला सर्वांत गंभीर भाग. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर इतरांना छातीत दुखून सूचना मिळते. या माणसाला बहुतेक वेळा मिळत नाही. नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आतून जाड होत जाण्याचा एक खास विकार असतो, तोही मुकाट्याने वाढतो. शरीराने हृदय नाकारायला सुरुवात केली तरी आरंभी काहीच जाणवत नाही. थकवा, धाप, सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

म्हणून तक्रारीची वाट न पाहता हृदयाकडे जाऊन बघावं लागतं. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा उजव्या कप्प्यात नेऊन स्नायूचे टाचणीच्या टोकाएवढे तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही बायॉप्सीची पद्धत १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रुळली. पहिल्या वर्षात ती वारंवार होते, पुढे कमी. ठरावीक काळाने अँजिओग्राफीही करतात. 'बरं वाटतंय, मग कशाला?' हा प्रश्न घरचे विचारतात तेव्हा त्यांना दोरीची गोष्ट सांगावी.

अशा रुग्णाच्या पाकिटात एक कार्ड असायलाच हवं: हृदय प्रत्यारोपित आहे, केंद्राचा फोन अमुक. नाडी मंदावली की आपत्कालीन विभागात ॲट्रोपिन देतात. ते व्हेगस सैल करून काम करतं. इथे व्हेगस जोडलेलाच नाही, त्यामुळे त्याचा भरवसा धरता येत नाही. समोरच्या डॉक्टरला हे आधी कळलं पाहिजे.

सकाळी आठ, रात्री आठ

आपल्या प्रत्येक पेशीवर ओळख पटवणारी प्रथिनं असतात. रक्तातल्या टी पेशी ती तपासत फिरतात आणि परकी दिसली की हल्ला करतात. नवं हृदय त्यांच्या दृष्टीने कायम परकंच राहतं. पाच वर्षांनीही, पंधरा वर्षांनीही. १९६८ साली जगभरात शंभरच्या आसपास हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण लवकरच दगावले, ते हा हल्ला आणि तो रोखताना होणारा जंतुसंसर्ग यांमुळे. चित्र पालटलं ते नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनने. पुढे जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस मिळालं. आज बहुतेक रुग्ण टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट घेतात, सुरुवातीला त्यांच्या जोडीला स्टेरॉइड.

टॅक्रोलिमसचं प्रमाण फार अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं. कमी पडलं तर टी पेशी उठतात, जास्त झालं तर मूत्रपिंडं दुखावतात, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून बारा तासांच्या अंतराने, ठरलेल्या वेळी गोळी. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्याने शिफ्ट बदलली तरी गोळीची वेळ बदलायची नसते. भाद्रपदात घरोघरी येणारं पपनस आणि त्याच्याच कुळातलं ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्यांतली काही द्रव्यं हे औषध शरीरात मोडू देत नाहीत आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. घरातली मोठी माणसं मायेने गुळवेल पुढे करतात. पण इथे प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच गोळ्या चालू आहेत, हे त्यांना समजावून सांगावं.

बांधकामाच्या आणि खोदकामाच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. कबुतरांच्या विष्ठेतली क्रिप्टोकॉकस बुरशीही अशा माणसाच्या फुफ्फुसांत आणि मेंदूत घर करू शकते. जागोजागी इमारती उठत असलेल्या माण-मारुंजीच्या परिसरात राहणाऱ्याला चांगला मास्क आणि बाल्कनीला जाळी हा औषधोपचाराचाच भाग आहे. उघड्यावरची चटणी, न तापवलेलं दूध, अर्धकच्ची अंडी नकोत. जिवंत विषाणूंच्या लशी नकोत, फ्लूची लस मात्र हवी. मुलींनी एक लक्षात ठेवावं: मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. आई होणं अशक्य नाही, पण ते प्रत्यारोपण पथकाशी बोलून, औषधं बदलून, ठरवून करायचं.

तरुणांच्या बाबतीत एक धोका वेगळा सांगायला हवा. अमेरिकेतल्या नोंदींत १७ ते २४ या वयोगटात बसवलेलं हृदय निकामी होण्याचा धोका इतर वयांपेक्षा जास्त आढळला आहे. अभ्यासकांच्या मते आईवडिलांच्या हातून गोळ्या घेण्याचा काळ संपून सगळं स्वतः सांभाळण्याचा काळ सुरू होतो, आणि त्या वळणावर चुकलेल्या गोळ्या हे यामागचं एक मोठं कारण असावं. नवी नोकरी, नवं शहर, फ्लॅटमेटपासून आजार लपवण्याची धडपड. बरं वाटत असतं. हृदय तक्रार करत नसतं. हे तरुणांच्या बेफिकिरीवर ढकलून मोकळं होणं अन्यायाचं आहे. त्यांना रोज वेळेवर गोळी घ्यायला आणि बायॉप्सीसाठी रजा मागायला लाज वाटू नये, एवढी समज कार्यालयांनी दाखवली तर काही हृदयं नक्की जास्त टिकतील.

टिकतात किती, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. जागतिक नोंदींनुसार पहिलं वर्ष पार करणारे दहांतले साडेआठ-नऊ असतात, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण बारा वर्षांच्या पुढे जातात. नेदरलँड्समधल्या एका गृहस्थांना १९८४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, दुसऱ्याचं हृदय मिळालं. त्याच हृदयावर ते ३९ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद गिनेस बुकात झाली आहे.

भारतात मात्र वर्षाला हृदय प्रत्यारोपणं होतात ती जेमतेम अडीचशेच्या आसपास. शल्यविशारद आहेत, विमानं आहेत, रस्ता मोकळा करणारे पोलीस आहेत. दाते अपुरे आहेत. दहा लाख लोकसंख्येमागे मेंदूमृत्यूनंतर अवयवदान करणारा वर्षाला एक माणूसही आपल्याकडे होत नाही. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे 'नोटो'च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून अवयवदानाची इच्छा नोंदवता येते. ती जरूर नोंदवा. पण आयसीयूबाहेर समन्वयक विचारायला येईल तेव्हा होकार किंवा नकार तुमच्या घरच्यांनाच द्यायचा आहे, आणि त्या वेळी मॉनिटरवर ठोके दिसत असतील. ते ठोके कशाचे असतात आणि तुमची इच्छा काय आहे, हे दोन्ही आजच घरी सांगून ठेवा.